आधी कान, मग गण

(मीरा-भाईंदर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ही व्याख्यानमाला मराठीच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. म्हणून मी विषय वर्गातलाच निवडला, आणि तोही वर्गात सर्वांत नावडता असलेला: छंद, वृत्त, जाती, गण, मात्रा, यती. व्याकरणाच्या पुस्तकात ही प्रकरणे शेवटी येतात. मुले अक्षरांवर लघू-गुरूच्या खुणा करतात, तीन-तीन अक्षरांचे गट पाडतात, ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र मनाशी घोळवत गणाचे नाव शोधतात, वृत्ताचे नाव लिहितात आणि गुण मिळवतात. एवढ्या सगळ्यात ती ओळ मोठ्याने म्हणण्याची वेळ एकदाही येत नाही. पोहण्याची परीक्षा कागदावर घ्यावी, तसे हे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: वृत्त आधी कानाला कळते. गण आणि मात्रा हा त्या कळण्याचा मागाहून मांडलेला हिशोब. हा हिशोब मला फार प्रिय आहे, त्याच्याविषयी आज मी पुष्कळ बोलणार आहे. पण हिशोबापासून सुरुवात केली की कविता हाती लागत नाही आणि हिशोबही चुकतो.

उदाहरण आपल्याच फलाटावरचे घेऊ. आजच्या कामापुरती मी एक साधी ओळ रचली आहे.

पहाटे निघाली विरारास गाडी

ही ओळ दोनदा म्हणा. तिसऱ्यांदा म्हणताना मान आपोआप डोलू लागेल. आता वर्गातला हिशोब करू. प-हा-टे, नि-घा-ली, वि-रा-रा, स-गा-डी. प्रत्येक गटात एक लघू आणि दोन गुरू. ‘यमाचा’ या शब्दात हाच क्रम आहे, म्हणून हा य गण. असे चार य गण, एकूण बारा अक्षरे. वृत्ताचे नाव भुजंगप्रयात. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, सगळेच्या सगळे २०५.

आता ‘पहाटे’च्या जागी ‘सकाळी’ घाला. ओळ तशीच चालते. ‘दुपारी’ घाला, चालते. ‘रात्री’ घातले की ठेच लागते, ‘संध्याकाळी’ घातले तर ओळ मोडूनच पडते. ही ठेच तुम्हाला गण न मोजता लागली. इथे बसलेल्या कोणालाही, अगदी चौथीतल्या मुलालाही, ती लागेल. वृत्ताचे ज्ञान म्हणतात ते हेच. बाकीचे त्याचे वर्णन.

पण वर्णनाचा एक मोठा उपयोग आहे. ‘असे का?’ हा प्रश्न त्याच्यामुळे विचारता येतो. संस्कृतातून मराठीत वृत्ते तर कितीतरी आली. शार्दूलविक्रीडित एकोणीस अक्षरांचे, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम. मंदाक्रांता सतरा अक्षरांची, चार, सहा आणि सात अशी तिची पावले. पृथ्वी सतरांचीच, मोरोपंतांची ‘केकावली’ तिच्यात आहे. ही सगळी विद्वानांनी सांभाळली. भुजंगप्रयात मात्र न शिकलेल्या माणसाच्या तोंडी राहिले. रामदासांचा अधिकार, शाळांतली आणि मंदिरांतली रोजची पठणे ही कारणे खरीच आहेत. मला आणखी एक कारण दिसते आणि ते मराठीच्या घडणीत आहे. आपल्याकडे घर, मन, जग, फूल असे लहान शब्द आहेत. त्यांना विभक्ती लागली की काय होते पाहा: घराला, मनाने, जगाचा, फुलांना. नदी म्हणा, नदीला होते. मूल म्हणा, मुलांनी होते. पहिले अक्षर ऱ्हस्व, सामान्यरूपामुळे दुसरे दीर्घ, प्रत्ययामुळे तिसरेही दीर्घ. म्हणजे मराठी माणूस दिवसभर नकळत य गण बोलत असतो! आणि ज्या मनाला रामदास हाक मारतात, त्या ‘मना’ या संबोधनातच लघू-गुरू ही सुरुवात तयार आहे. वृत्त संस्कृतातून आले खरे, पण इथल्या व्याकरणाने त्याला घर दिले.

कान आणि नियम यांचे नाते कुठे ताणले जाते, तेही पाहू. संस्कृतचा नियम असा की जोडाक्षराच्या मागचे अक्षर गुरू. ‘सत्य’मधला ‘स’ गुरू, ‘पुस्तक’मधला ‘पु’ गुरू. आता ‘पुन्हा’ घ्या. नियमाप्रमाणे ‘पु’ गुरू व्हायला हवा, पण मराठी तोंडात तो होत नाही. ‘न्ह’ उच्चारताना मागच्या अक्षरावर आघातच पडत नाही. ‘तुम्ही’, ‘तुझ्या’ यांचेही तेच. म्हणून ‘पुन्हाही निघाली विरारास गाडी’ ही ओळ निर्दोष आहे. यावर मराठी छंदःशास्त्राने काय केले? नियमाला पुस्ती जोडली: आघात येत असेल तर गुरू, येत नसेल तर लघू. आणि आघात येतो की नाही हे कोणी ठरवायचे? म्हणणाऱ्याने. शास्त्राने इथे निकाल कानावर सोपवला आहे.

दुसरी जागा याहून मनोरंजक आहे. आपण बोलताना ‘विरारास’ या शब्दाचा शेवटचा ‘स’ अर्धा करतो. ‘घर’मधला ‘र’ही तसाच. लिहितो पूर्ण, बोलतो अर्धा. पण वृत्तात ‘विरारास गाडी’ म्हणताना तो ‘स’ पुरा म्हणावा लागतो, नाहीतर एक अक्षर गळते. जुन्या मराठीत शब्दाच्या शेवटचा हा ‘अ’ उच्चारला जात होता, असे भाषेचे अभ्यासक मानतात. बोलण्यातून तो गेला, पण ओवीत, अभंगात आणि श्लोकात टिकला. जात्यावरची ओवी ऐकली असेल तर आठवा: ओळीच्या शेवटचे अक्षर किती लांबवले जाते! भाषेचे जुने उच्चार कुठे साठवून ठेवले आहेत, असे कोणी विचारले तर मी छंदाकडे बोट दाखवीन. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले. त्यांतही कवितेपुरती सवलत ठेवलेली आहे, वृत्तासाठी कवीला ऱ्हस्व-दीर्घाचे स्वातंत्र्य आहे. ही सवलत मला फार महत्त्वाची वाटते. लिपीचा नियम उच्चाराला वाट देतो, याची ती कबुली आहे.

आता रेल्वेरूळ ओलांडून मीरा रोडच्या नया नगरात जाऊ. तिथे उर्दू ही घरातली भाषा आहे. उर्दूत वृत्ताला बहर म्हणतात, आणि बहर मोजायला गण नसतात, ठरावीक शब्द असतात. त्यांतला एक ‘फऊलुन’. फ लघू, ऊ गुरू, लुन गुरू. ‘फऊलुन’ चार वेळा म्हणा. काय झाले? भुजंगप्रयात झाले. उर्दूत या बहरीचे नाव मुतकारिब. मीरा रोडचा शायर आणि राई-मुर्ध्याच्या देवळात मनाचे श्लोक म्हणणारा म्हातारा एकाच ठेक्यावर मान डोलावतात. फिरदौसीचे ‘शाहनामा’ हे फारसी महाकाव्यही याच बहरीत आहे, फक्त ओळीच्या शेवटचे एक अक्षर उणे. फरक आहेतच. उर्दूत काही ठिकाणी दीर्घ स्वर म्हणताना दाबून ऱ्हस्व करता येतो. आपल्या गणवृत्तात म्हणताना तशी मोकळीक नाही, ती लिहूनच घ्यावी लागते. तरीही पायाखालची जमीन एकच आहे.

हे साम्य मराठीत ज्यांनी शास्त्राच्या पातळीवर मांडले, ते माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन. जन्म १८९४, बडोदे. मृत्यू १९३९. ते फारसीचे प्राध्यापक होते. फार्सी-मराठी कोश त्यांनी केला, ‘गज्जलांजली’ लिहिली आणि फारसी वृत्ते मराठीत रुजवली. पण त्यांचे सर्वांत मोठे काम ‘छंदोरचना’. या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्यांना डी.लिट. ही पदवी दिली. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात कविता, कोश आणि शास्त्र ही तीनही कामे करणारा हा माणूस आज विद्यार्थ्यांना एखाद्या कवितेपुरता माहीत असतो, याचे मला वाईट वाटते.

‘छंदोरचने’तली मुख्य विभागणी तुम्ही शाळेत नकळत शिकलेली आहे. अक्षरांची संख्या तेवढी धरायची, लघू-गुरूचा क्रम नाही, तो छंद. ओवी, अभंग यात येतात. क्रमही पक्का असेल ते वृत्त. मात्रांची बेरीज धरायची, लघूची एक आणि गुरूच्या दोन, ती जाती. जातीचे पोटभेद करताना माधवरावांनी ताल पाहिला. किती मात्रांनी ठेका परत येतो, त्यावर नावे ठेवली. आठ मात्रांचे आवर्तन ते पद्मावर्तनी, कारण कमळ अष्टदल. सहांचे ते भृंगावर्तनी, भुंग्याला सहा पाय. पाचांचे हरावर्तनी, शंकराची पाच मुखे. सातांचे अग्न्यावर्तनी, अग्नीच्या सात जिव्हा. हे करणारा कवीच असला पाहिजे. आकडा विसरला तरी चित्र आठवते आणि चित्रावरून आकडा सापडतो.

याच चौकटीत आपले शेजारी बसवून पाहा. भाईंदरमध्ये गुजराती आणि राजस्थानी घरे पुष्कळ. नरसिंह मेहतांची प्रभातिये ज्या झूलणा छंदात आहेत, त्याच्या ओळीत सदतीस मात्रा, आणि झोका पाच-पाच मात्रांचा. माधवरावांच्या भाषेत हरावर्तनी. दोह्याचे तेरा आणि अकरा मिळून चोवीस मात्रांचे दळ तर हिंदी-राजस्थानी घरांत रोजच्या बोलण्यात म्हणीसारखे येते. या शहरातल्या एखाद्या महापालिका शाळेत चार भाषांची मुले एका इमारतीत शिकतात. त्यांच्या आज्यांना जे पाठ आहे ते जर वर्गात म्हणवून घेतले, तर छंदःशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम फळ्याकडे न बघता पुरा होईल.

इथवर वृत्त आणि जाती झाल्या. माझा जीव खरा गुंततो तो छंदात, म्हणजे ओवीत. आणि ओवीच्या बाबतीत आपल्या या खाडीकाठाला सांगण्यासारखे बरेच आहे.

ओवी ही ग्रंथाच्या आधीची. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ग्रंथात नोंद आहे, की महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडण करताना ओवी गातात. पुढच्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याने प्रबंधांची, म्हणजे गीतप्रकारांची, जी लांबलचक यादी दिली, तिच्यात धवल, मंगल आणि ओवी ही नावे एकमेकांना लागून येतात. म्हणजे बायकांची कामाची आणि लग्नाची गाणी तेव्हाच शास्त्रात दाखल झाली होती. यानंतर १२९० साली नेवाशात ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली गेली, सुमारे नऊ हजार ओव्यांची. तत्त्वज्ञानासाठी ज्ञानदेवांनी संस्कृतचे भारदस्त वृत्त उचलले नाही. मुसळाच्या आणि जात्याच्या तालावरचा छंद घेतला. मराठी वाङ्मयातला याहून मोठा निर्णय मला माहीत नाही.

ग्रंथातली ओवी कशी असते, तेही माझ्याच ओळींवरून दाखवतो.

खाडीकाठी उभे गाव । मिठावर त्याचे नाव ।
भरती देई ठाव । ओहोटी नेई ॥

पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक, चौथा चरण आखूड आणि बिनयमकाचा. साडेतीन चरणी म्हणतात ती हीच. अक्षरे मोजाल तर आठ, आठ, सात आणि पाच. सगळीकडे सारखी नाहीत. परीक्षेचा डोळा इथे गोंधळतो आणि ओवीला सैल, ढिसाळ छंद ठरवून मोकळा होतो. हा निकाल साफ चुकीचा आहे. ओवीत पक्की आहे ती वाट: तीन यमके चढत जायचे आणि चौथ्या आखूड चरणावर खाली उतरायचे. अक्षर एखादे कमी पडले तर आवाज लांबवायचा, जास्त झाले तर जरा घाई करायची. मोकळीक आहे, पण ती कुठे घ्यायची आणि कुठे नाही हे बाईच्या गळ्याला पक्के ठाऊक असते. ही शिस्त कागदावर दिसत नाही, म्हणण्यात दिसते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढे मोठे भांडार ज्या छंदात उभे राहते, तो ढिसाळ कसा म्हणायचा?

याच छंदाकडे १६१६ साली एक इंग्रज आला. फादर थॉमस स्टीफन्स, जेझुइट, गोव्यात आला १५७९ साली. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले, ओव्या जवळजवळ अकरा हजार. ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांना पुराण ऐकण्याची सवय होती, नव्या धर्माची कथाही त्यांना तशीच ऐकायची होती. स्टीफन्सने त्यांना लॅटिन किंवा पोर्तुगीज वृत्त दिले नाही, ज्ञानेश्वरांची ओवी दिली. ज्या तालुक्यात त्याने काम केले त्याचे नाव साष्टी, आणि आपण आज जिथे बसलो आहोत त्या बेटाचेही नाव साष्टी. वसईच्या पोर्तुगीज राजवटीत आपल्याही साष्टीतल्या ख्रिस्ती लोकांसाठी असेच पुराण झाले. १६५९ साली फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले, त्याची भाषा उत्तर कोकणातली बोली. मुंबई, साष्टी आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत उपवासकाळात ते गात असत. उत्तन, डोंगरी, पाली, गोराईच्या लोकांनी हा वारसा आपला म्हणून सांगावा. मराठी छंदाच्या इतिहासात तो तळटीपेत ढकललेला असतो. माझ्या मते तो मुख्य मजकुरात यायला हवा. एका छंदाने धर्माची भिंत ओलांडल्याचे असे स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

ओवीच्या शेजारी शार्ङ्गदेवाने बसवलेला धवल, त्याचे काय झाले? तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथातल्या महदाइसेने ‘धवळे’ रचले, रुक्मिणीच्या स्वयंवराचे. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. धवळे म्हणजे वराला उद्देशून गायची लग्नातली गाणी, असा अर्थ खाली टिपेत दिलेला असतो, आणि मुलांना वाटते की हा प्रकार यादवांबरोबर संपला. तो संपलेला नाही. ठाणे-रायगडच्या आगरी समाजात लग्न लावणारी धवलारीण आजही आहे. मांडवापासून हळदीपर्यंत एकेक विधी ती गाण्याने पार पाडते, तिने धवला म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. ती ओळ टाकते, बाकीच्या बाया मागून ओढतात. राई, मुर्धे, मोर्वा, नवघर, गोडदेव, घोडबंदर या जुन्या आगरी-कोळी गावांच्या पोटातच आपले हे शहर वाढले आहे. मिठागरे मागे हटली, इमारती आल्या, १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. धवलारिणींच्या मागे ओढणाऱ्या बाया मात्र कमी होत चालल्या. हळदीच्या रात्री डीजेचा आवाज इतका असतो की ओळ टाकली तरी मागच्यांना ऐकू जात नाही.

महदाइसेचे धवळे आणि आजचा धवला यांची चाल एकच असेल, असा दावा मी करत नाही, कुणीच करू नये. पण प्रसंग तोच, नाव तेच, आणि म्हणणारी बाईच. सातशे वर्षांहून जास्त काळ चालत आलेला काव्यप्रकार आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जिवंत असताना विद्यार्थी त्याची व्याख्या पुस्तकातून पाठ करतो. हे मला खटकते, आणि खटकते हे मी इथे ठासून सांगतो.

अभंगाविषयी थोडे. मोठ्या अभंगाचे चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक.

गाडीच्या दारात । उभा जीव सारा ।
खाडीचा तो वारा । तोंडावर ॥

सकाळच्या लोकलने वसईच्या खाडीच्या पुलावरून गेलेल्या माणसाला यात काही समजावून सांगायला नको. पण ऐका, चौथ्या चरणात दोन अक्षरे कमी पडतात तिथे काय होते. ओळ थांबते, श्वास सुटतो. वारकऱ्यांचे पाऊल आणि टाळ त्या मोकळ्या जागेत पडतात. बा. सी. मर्ढेकरांनी ‘काही कविता’मध्ये, १९४७ साली, महानगरातल्या माणसाची दैना सांगायला अभंग आणि ओवी हीच जुनी मापे घेतली. संतांच्या ठेक्यावर यंत्रयुगाचे शब्द आल्यावर वाचक दचकला. ठेका ओळखीचा नसता तर तो दचकलाही नसता. विंदा करंदीकरांनी ‘अष्टदर्शने’त युरोपातल्या तत्त्वज्ञांना आणि चार्वाकाला मराठी पद्यात बसवले, तेव्हा तेही अभंगाकडेच वळले.

‘मग मुक्तछंदाचे काय?’ असा प्रश्न तरुण मित्र नेहमी विचारतात. कवी अनिलांनी मुक्तछंद मराठीत आणला आणि पुढे दहा ओळींची ‘दशपदी’ही तेच घेऊन आले. बंध मोडणारा आणि नवा बंध घडवणारा कवी एकच होता, हे ध्यानात ठेवा. नारायण सुर्वे, नामदेव ढसाळ यांच्या मुक्तछंदाला बोलीची आणि भाषणाची लय आहे, ती मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही. आज गद्य तोडून एकाखाली एक मांडलेल्या पुष्कळ ओळी मी वाचतो. त्यांच्यात छंद नाही ही माझी तक्रार नाही. कवीने त्या एकदाही मोठ्याने म्हणून पाहिलेल्या नाहीत, ही आहे.

संज्ञा टाकून द्याव्यात असे माझे म्हणणे कोणी समजू नये. संज्ञेमुळे जे दिसते त्याचे एक उदाहरण देतो. आर्या म्हटली की मोरोपंत. आर्येच्या चार चरणांत मात्रा बारा, अठरा, बारा, पंधरा. मोरोपंतांच्या आर्या मोजल्या तर त्या बहुतेक बारा, अठरा, बारा, अठरा निघतात. शास्त्रात याला गीती म्हणतात. म्हणजे मराठीतल्या सर्वांत प्रसिद्ध आर्या काटेकोर बोलायचे तर आर्या नव्हेतच. हे कळल्यावर पुढचा प्रश्न सुचतो: पंतांनी दोन्ही अर्ध समान का केले? मला वाटते, कीर्तनासाठी. बारामतीच्या पंतांची कविता महाराष्ट्राने वाचली त्याहून जास्त ऐकली, कीर्तनकाराच्या तोंडून. पहिला अर्ध ज्या चालीत म्हटला त्याच चालीत दुसराही म्हणता यावा, ही गायकाची सोय आहे. मात्रा मोजल्या नसत्या तर हे लक्षात आले नसते, आणि गाऊन पाहिले नसते तर उत्तर सुचले नसते. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने साकी आणि दिंडी रंगभूमीवरून ऐकवल्या, तेव्हा पिटातल्या प्रेक्षकाला साकीच्या अठ्ठावीस आणि दिंडीच्या एकोणीस मात्रा कोणी समजावून सांगाव्या लागल्या नाहीत.

आता एक विनंती करून थांबतो. ज्यांच्या घरात धवला म्हणणारी आजी, ओवी म्हणणारी मावशी किंवा जुनी ख्रिस्ती गाणी म्हणणारे वडीलधारे आहेत, त्यांनी त्यांचे म्हणणे खिशातल्या फोनवर ध्वनिमुद्रित करावे. एखादी ओळ नव्हे, सबंध, मागच्या बायांच्या आवाजासह. मग शब्द लिहून घ्यावेत, आगरी, कोळी, इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची, जशी बोली असेल तसे. शुद्धलेखनाने दुरुस्त करू नयेत, अक्षरे वाढली-घटली तर ती तशीच ठेवावीत. म्हणणारीचे नाव आणि गाव तिच्या परवानगीने वर लिहावे. शहरातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी हे काम प्रकल्प म्हणून विद्यार्थ्यांना द्यावे आणि वृत्ताच्या प्रश्नाला निम्मे गुण म्हणून दाखवण्यासाठी ठेवावेत. महापालिकेने तिच्या वाचनालयांत या मुद्रणांसाठी एक कपाट आणि एक संगणक द्यावा, एवढ्यावर काम सुरू होते. येत्या लग्नसराईतच सुरुवात करा, कारण धवलारिणी आता साठी-सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत.